डाव्या खांबाजवळचं गवत

१

उत्तरेकडच्या गोलच्या डाव्या खांबाजवळचं गवत मेलं, हे मला मंगळवारी सकाळी चेअरमनसाहेबांच्या ओरडण्यावरून कळलं. मी क्लबचे कपडे धुते, ते धुलाईघर त्या गोलच्या बरोबर मागे आहे. दोन्ही यंत्रं घरघरत होती, तरी आवाज आत आला. मी हात पुसत बाहेर आले.

खांबाला लागून, एक माणूस आडवा झोपेल एवढा पट्टा पिवळा पडला होता. मधोमध तर नुसती उघडी माती. बाकी मैदान हिरवंगार. मैदान सांभाळणारा सेथ हारग्रीव्हज टोपी हातात धरून खाली बघत उभा होता.

"विष घातलंय," चेअरमनसाहेब म्हणाले. "शनिवारी सामना आहे आणि माझ्या गोलात कुणीतरी विष घालतं."

माझ्या गोलात म्हणायचा त्यांना हक्क होता. रॉनल्ड ऑर्मरॉड म्हणजे आमच्या इंकरमन स्ट्रीटवरच्या कोळसेवाल्याचा मुलगा. चौदाव्या वर्षी पाठीवर पोती वाहायचा. मग जुने नळ आणि टब दुरुस्त करून विकू लागला आणि आता निम्म्या इंग्लंडच्या न्हाणीघरांत त्याच्या नावाचे नळ आहेत. तळं असलेलं घर आहे, घोडे आहेत. अकरा वर्षांपूर्वी कॉल्डरशॉ टाऊन फुटबॉल क्लबला कुलूप लागायची वेळ आली तेव्हा यानेच तो विकत घेतला. त्या दिवशी रस्त्यात लोक रडले, मीही रडले. त्याच दिवसापासून मी रॉनीला 'चेअरमनसाहेब' आणि 'तुम्ही' म्हणायला लागले. दोन घरं सोडून वाढलेलो आम्ही, पण पगार देणाऱ्याला अरे-तुरे करणं मला जमत नाही.

दुपारी सगळ्यांना चहाच्या खोलीत बोलावलं. पंचवीसेक माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात मग. चेअरमनसाहेब खिशातल्या किल्ल्या वाजवत येरझाऱ्या घालत होते. ते कधी बसतच नाहीत. सामन्यातसुद्धा गॅलरीच्या मागे फेऱ्या मारत असतात आणि गोल झाला की लोकांना विचारतात, कुणाचा?

"फेब्रुवारीत मी मैदानावर गाण्याचा कार्यक्रम ठेवला, तेव्हा याच खोलीत सेथ काय म्हणाला होता? मैदान असं तुडवण्यापेक्षा मीच ते जाळून टाकीन. म्हणाला होता की नाही?"

म्हणाला होता. सगळ्यांनी ऐकलं होतं.

"शेडमध्ये तणनाशकाचा डबा रिकामा आहे. आणि दोन आठवडे हा माणूस त्या डागावर कापलेलं गवत पसरून तो लपवत होता. काल वाऱ्याने ते उडालं म्हणून दिसलं तरी. निर्दोष माणूस लपवतो का?"

सेथ मगात बघत उभा राहिला. चहा प्यायला नाही.

"गुरुवारी दुपारी बारापर्यंत खरं काय ते सांगायचं. नाहीतर फाटकाजवळचं घर रिकामं करायचं."

फाटकाजवळचं घर क्लबचं आहे. सेथ तिथे सव्वीस वर्षं राहतोय. बायको त्याच घरात वारली. चौसष्टाव्या वर्षी तो कुठे जाणार होता?

सगळे पांगल्यावर चेअरमनसाहेबांनी मला थांबवलं. "एनिड, पोलीस आले की पाठोपाठ वर्तमानपत्रवाले येतात. कप्तानाचे बूट कुणी कापले ते दोन वर्षांपूर्वी तूच शोधलंस. हेही बघ."

"आणि सेथ नसला तर?"

"सेथच आहे." पेपरमिंटची गोळी तोंडात टाकत ते म्हणाले. नाताळात डॉक्टरने सिगार बंद केल्यापासून गोळ्या चालू होत्या. पण त्यांच्या लालपांढऱ्या मफलरच्या झालरीत करडी राख अडकलेली मला दिसली. मनात म्हटलं, कुणाला फसवतोस रे, चोरून ओढतोयस की.

तो मफलर त्यांच्या आईने विणलेला. ऑगस्टमध्ये गळ्यात पडला की मेपर्यंत त्याला पाणी लागू द्यायचं नाही. धुतला तर नशीब धुऊन जातं म्हणे. आमच्याकडे निम्म्या गावाचं हेच. कुणाचा मफलर, कुणाची टोपी, एकाचे तर मोजे. मे महिना माझ्या नाकासाठी फार कठीण असतो.

२

सेथ शेडमध्ये यंत्राचं पातं घासत होता.

"डबा कशाने रिकामा झाला?" मी विचारलं.

"गाड्या लावायच्या जागेतली काटेरी झुडपं. जाऊन बघ, वाळून कोळसा झालीत."

"मग हे त्या खोलीत का नाही सांगितलंस?"

"विचारलं कुणी?"

"डाग का लपवलास?"

तो पातं घासत राहिला. "एनिड, मी केलेलं नाही. पण यापुढे विचारू नकोस. घर जायचं तर जाऊ दे."

"जाऊ दे? तुझी बहीण तरी ठेवून घेईल का तुला? दोन दिवसांत तुम्ही एकमेकांचे गळे धराल."

"एका दिवसात," तो म्हणाला, आणि हसला नाही.

सेथला मी ओळखते. गवताच्या एका काडीवरून तो तासभर भांडतो. आपलं गवत मारणाऱ्याला तो पाठीशी घालत होता, म्हणजे तो माणूस त्याला गवतापेक्षा जवळचा होता.

वाटेत पियर्स भेटला, चेअरमनसाहेबांचा जावई. याला हे मैदान विकून हमरस्त्यावर नवं बांधायचंय, आणि ते तो लपवतही नाही.

"कोणी केलं, काही कळलं का मिसेस क्लेग?"

"किल्ल्या तिघांकडेच असतात. चेअरमनसाहेब, सेथ आणि तुम्ही."

"मी ईस्टरचे दहा दिवस पोर्तुगालमध्ये होतो," तो म्हणाला. नाकाची साल अजून निघत होती, त्यामुळे ते खरं असावं. शिवाय त्याचे बूट नेहमी चकचकीत. अकरा वर्षांत हा गृहस्थ एकदाही गवतावर उतरलेला नाही.

संध्याकाळी मी सेथच्या कामाच्या विजारी धुवायला काढल्या. एक विजार तळाशी राहून गेली होती, तीन आठवड्यांपूर्वीची, ईस्टरच्या आठवड्यातली. धुण्याआधी पायाची दुमड उलटून झटकायची माझी सवय आहे, नाहीतर वाळूने यंत्र बिघडतं. दुमडीतून करडं काहीतरी टेबलावर पडलं. आधी वाटलं रेघा मारायचा चुना असेल. पण चुना पिठासारखा असतो. हे खरखरीत होतं आणि त्यात पांढरे बारीक कण होते.

मी ते दोन बोटांत चोळलं, आणि पुन्हा एकदा चोळलं.

आईची राख टेकडीवर सोडली तेव्हा वारा उलटा फिरला होता. माझा सगळा कोट भरला होता. ती खरखर बोटं विसरत नाहीत. हे तणनाशक नव्हतं. त्या गोलात कुणीतरी एक माणूस रिता केला होता.

३

आमच्या गावात माणूस मेला की निम्म्या वेळा त्याची शेवटची इच्छा एकच असते. मला टाऊनच्या मैदानावर टाका. चार वर्षांपासून ते बंद आहे, तरी अर्ज येतात. या वर्षीचा अर्ज ग्लेनिस पिकपचा होता. तिचा नॉर्मन म्हणजे सेथचा जिवलग. तीस वर्षं दोघं एकाच बाकावर बसून एकाच पंचाला शिव्या द्यायचे. जानेवारीत तो गेला. क्लबने नाही म्हटल्यावर ग्लेनिस भर बाजारात ओरडली होती, की मी भिंतीवरून उडी मारून त्याला टाकीन.

बुधवारी सकाळी मी तिच्या दारात उभी राहिले. एकीकडे सेथचं घर आणि दुसरीकडे ही विधवा. मला ना हे हवं होतं, ना ते.

"ग्लेनिस, नॉर्मन कुठे आहे?"

"हा काय प्रश्न झाला?" ती म्हणाली. "कपाटात आहे. इस्त्रीच्या खाली."

तिने खरंच दहनगृहातून मिळतो तो मरून रंगाचा डबा काढून टेबलावर ठेवला. झाकणावरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती. मी उचलून बघितला. चांगला जड होता.

"शनिवारी त्याला पिशवीतून सामन्याला नेते," ती म्हणाली. "तिकीट नाही काढत त्याचं. सांगणार आहेस का कुणाला?"

मी खुर्ची ओढून बसले. तिने चहा केला, आल्याच्या केकचा तुकडा पुढे ठेवला. मी मैदानातला डाग, गुरुवारची मुदत, सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलला.

"अगं, तरीच. दोन रविवारांपूर्वी सेथ आला होता. टोपी पिळत इथे उभा राहिला आणि म्हणाला, झालं ते झालं ग्लेनिस, मी मरेन पण कुणाला सांगणार नाही. मला वाटलं, याने जास्त घेतलीय."

"त्याला वाटलं तू टाकलंस."

"आणि त्यासाठी घर सोडायला निघाला? हा मूर्ख माणूस." तिने डोळे पुसले. "माझ्यासाठी कुणी कधी साधी खुर्ची सोडली नाही."

निघताना मी तिच्याकडून क्लबचं ते नकाराचं पत्र मागून घेतलं. बसमध्ये वाचलं. खाली ऑर्मरॉड यांची ठसठशीत सही होती. वरचा मजकूर मी दोनदा वाचला.

सेथ नाही, ग्लेनिस नाही, पियर्स नाही. पण राख होती, आणि राख होती म्हणजे मेलेलं माणूस होतं. मग ते कोण?

४

धुतलेल्या जर्सी घेऊन मी खेळाडूंच्या खोलीकडे जाते तेव्हा तो लांब बोळ लागतो. भिंतीवर जुन्या खेळाडूंचे फोटो आहेत. अकरा वर्षं त्यात एक फिकट चौकोन होता. क्लब घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात चेअरमनसाहेबांनी स्वतःच्या हाताने उतरवलेला तो फोटो क्लिफर्ड ऑर्मरॉडचा होता. गोलकीपर, आणि त्यांचा थोरला भाऊ.

बापामागे रॉनीने कोळशाचं आवार विकलं, त्यातच त्यांचं राहतं घर होतं. आई भाड्याच्या खोलीत गेली आणि वर्षभरात वारली. क्लिफर्ड त्यानंतर भावाशी एक शब्द बोलला नाही, गाव सोडून गेला तो गेलाच. तीस वर्षं झाली त्याला.

क्लिफर्डबद्दल मी फारशी बोलत नाही. सतरा वर्षांची होते, आईच्या हाताखाली इथेच धुवायला लागले होते. बाकीचे जर्सी फेकायचे. हा हातात आणून द्यायचा आणि चिखलाबद्दल माफी मागायचा. दोन हिवाळे आम्ही शनिवारी नाचायला गेलो. पुढे काही झालं नाही. मी क्लेगशी लग्न केलं, तोही चांगला माणूस होता. पण आवडला होता मला क्लिफर्ड, ते काही खोटं नाही.

बुधवारी दुपारी मी टोपली घेऊन त्या बोळात थबकले. फिकट चौकोन नव्हता. फोटो जागेवर होता. मला एकदम आठवलं, तो मार्चपासूनच तिथे होता. रोज बघत होते आणि कुणीतरी लावला असेल म्हणून पुढे जात होते. फोटोत क्लिफर्ड डाव्या खांबाला टेकून उभा होता.

मार्चमध्ये आणखी काय झालं होतं? चेअरमनसाहेब महिनाभर काळा टाय लावून येत होते. आम्हाला वाटलं, संघ हरतोय म्हणून.

मी टोपली खाली ठेवली. मफलरच्या झालरीतली ती करडी राख सिगारची असेल असं मी धरून चालले होते. पण सिगारची राख मऊ असते, फुंकर मारली की उडते. ही तीन आठवडे झालरीत टिकून होती. आणि मेपर्यंत तो मफलर धुतला जाणार नव्हता.

५

ते खिडकीपाशी उभे होते. किल्ल्या वाजतच होत्या.

"सापडला?"

मी दार लावून घेतलं. "मफलर द्या जरा."

"मेपर्यंत नाही, ठाऊक आहे तुला."

"धुवायला नाही मागत." मी पुढे होऊन झालर बोटांत चोळली. खरखर तीच होती. "क्लिफर्ड कधी गेला, रॉनी?"

अकरा वर्षांत मी त्याला रॉनी म्हटलं नव्हतं. किल्ल्या थांबल्या.

"फेब्रुवारीच्या शेवटी," तो म्हणाला. "समुद्राकाठी एका वृद्धाश्रमात होता. त्यांनी मला कळवलं तेव्हा चारच दिवस राहिले होते. मी गेलो. त्याने मला ओळखलं, पण बोलला एकच. म्हणाला, मला डाव्या खांबाशी टाक, तिथे मी नेहमी कमी पडलो."

एकोणसाठ सालच्या कपच्या सामन्यात चेंडू तिथूनच आत गेला होता. सगळं गाव अजून सांगतं.

"ईस्टरच्या रविवारी पहाटे आलो. एकटाच होतो. थोडी अंगावर उडाली. पण त्याचा इथे काय संबंध? मी विषाचं विचारतोय."

तेव्हा मला कळलं की त्याला खरंच ठाऊक नाही. दोन दिवस हा माणूस जीव तोडून ज्याला शोधत होता तो हाच, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

"त्यानेच गवत मेलं, रॉनी."

"वेडी आहेस का? राखेने झाडं वाढतात. आपले बाप गुलाबांना काय घालत होते? तुझा बाप कांद्यांना काय घालायचा?"

"ती शेगडीची राख. ही हाडांची आहे, हिच्यात खार असतो. गवत जळतं, मुळं मरतात."

"कोण म्हणतं?"

"तू म्हणतोस." मी ग्लेनिसचं पत्र त्याच्यापुढे धरलं. "राखेतील क्षारांमुळे गवत जळते व मुळे मरतात, त्यामुळे आपली विनंती मान्य करता येत नाही याचे मला मनापासून दुःख आहे. सही तुझी आहे."

"पुढे आलं ते सही केलं," तो म्हणाला. "मी वाचत नाही ही पत्रं." मग त्याने पत्र घेतलं आणि वाचलं, अगदी शेवटपर्यंत. वाचताना त्याचा एक हात मफलरच्या झालरीवर गेला आणि तिथेच राहिला.

"सेथला मी राहू देतो," शेवटी तो म्हणाला. "गुपचूप. बाकीच्यांना कशाला..."

"पंचवीस माणसांसमोर तू त्याला गुन्हेगार ठरवलंस. सांगायचं तर त्यांच्यासमोर."

"मग क्लिफर्डचं सांगावं लागेल. रॉनी तीस वर्षं भावाकडे फिरकला नाही, हे सगळ्या गावाला कळेल."

"गावाला ते तीस वर्षं ठाऊक आहे. तू शेवटी गेलास, एवढंच ठाऊक नाही." माझा आवाज चढला होता. "आणि मला सांगितलं नाहीस. एक कार्ड तरी टाकायचंस. मी आले असते."

त्याने माझ्याकडे बघितलं. बहुतेक त्याला ते नाचाचे शनिवार आठवले.

"तू यायला हवी होतीस," तो म्हणाला. "दहनगृहाच्या त्या हॉलमध्ये पादरी धरून आम्ही दोघेच होतो." आणि तो खुर्चीवर बसला.

६

गुरुवारी बाराला चहाची खोली भरली. सेथ घराची किल्ली हातात घेऊनच आला होता. ग्लेनिस पिशवी घेऊन दाराशी उभी होती. तिला कुणी अडवलं नाही.

चेअरमन उभा राहिला. किल्ल्या आज खिशात नव्हत्या.

"ते विष नव्हतं," तो म्हणाला. "माझ्या भावाची राख होती. मीच टाकली. मला कळायला हवं होतं, कळलं नाही. सेथ, मी सगळ्यांसमोर तुझ्यावर आळ घेतला. मी चुकलो."

क्लिफर्डला पाहिलेली चारदोन म्हातारी माणसं होती, त्यांनी टोप्या काढल्या.

सेथने ग्लेनिसकडे बघितलं, ग्लेनिसने पिशवीकडे बोट दाखवलं. सेथचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"जास्त घेतली नव्हतीस तर तेव्हा," ती म्हणाली.

"चेअरमनसाहेब," सेथ घसा खाकरून म्हणाला, "राख वर पसरायची नसते. दीड हात खाली पुरली तर मुळांना लागत नाही. चार वर्षांपूर्वी मी तसंच म्हणालो होतो, पुरू द्या म्हणून. पण पत्रात ते कुणी लिहिलंच नाही. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"आता विचारतोय," चेअरमन म्हणाला.

दुपारीच सेथने तो पट्टा खणला. खारट झालेल्या मातीचा एक कणही टाकून दिला नाही, तिथेच खोल खड्डा करून ती तळाशी घातली आणि वर नवी माती. हिरवळ त्याने स्वतःच्या परसातली कापून आणली. गोलच्या मागे, माझ्या दाराजवळ, नॉर्मनलाही दीड हात जागा मिळाली.

शनिवारी आम्ही एक-एक अशी बरोबरी केली. तिकडे दुसरा संघ हरला म्हणून आम्ही खालच्या श्रेणीत जाता जाता तरलो. शेवटच्या मिनिटाला त्यांचा चेंडू त्याच डाव्या खांबाला लागून बाहेर गेला, तेव्हा अख्खं मैदान आधी गप्प झालं आणि मग हसायला लागलं. चेअरमन पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत खुर्चीवर बसून होता. मी मोजूनमापून लक्ष ठेवलं होतं.

सोमवारी त्याने दरवर्षीप्रमाणे मफलर माझ्या टेबलावर आणून ठेवला. "धू आता," म्हणाला, आणि पटकन गेला.

मी पाणी सोडलं, साबण घातला. मग नळ बंद केला. मफलर घेऊन मैदानात गेले आणि डाव्या खांबाशी वाकून झालर झटकली, एकेक गोंडा करून. जेमतेम चिमूटभर राख निघाली, पण होती नव्हती तेवढी क्लिफर्डजवळ गेली. चिखलाबद्दल माफी मागायला या वेळी माझी पाळी होती, ती मी मागितली.

मान वर केली तर सेथ पाणी घालायची झारी घेऊन मागे उभा.

"माझ्या नव्या गवतावर?" तो म्हणाला.

"चिमूटभर तर होती."

त्याने गवताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "एवढ्याने नाही मरत," तो म्हणाला, आणि झारी घेऊन दुसऱ्या खांबाकडे गेला.